मजलिशीपुढचे नांगर

‘आपल्या दीर्घ सेवेतील रोमहर्षक अनुभव लिहून पाठवावेत’ असं संपादकांचं पत्र आलं, तेव्हा ते चुकून माझ्या पत्त्यावर आलं असावं असंच मला वाटलं. सेवा दीर्घ होती, त्याबद्दल वाद नाही. पण मी पडलो भाषांतरकार. आमच्या अंगावर काटा उभा राहायचा तो दौत कलंडल्यावर. त्यात माझा स्वभाव मुळातला काळजीखोर. पाऊस आला तर पूर येईल आणि नाही आला तर दुष्काळ पडेल, ह्या दोन्ही काळज्या मी एकाच दिवशी करू शकतो, असं माझी बायको सांगते. तेव्हा रोमहर्षक वगैरे माझ्याकडे काही नाही. एक गोष्ट आहे, ती घडत असताना तीन आठवडे माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. तीच लिहितो.

आधी धंदा सांगतो, कारण आता तो कुणाला ठाऊक नसेल. निजामाच्या राज्यात कायदे करायला हैदराबादेत एक मजलीस होती. तिच्यात बडे उमराव, न्यायाधीश, दोनचार हुद्देदार आणि दोन वकील असे सभासद बसत. सगळा कारभार उर्दूत. नवा कायदा करायचा किंवा जुना बदलायचा झाला की त्याचा मसुदा सरकारी जरीद्यात, म्हणजे गॅझेटात, छापून येई आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून लोकांची राय मागवली जाई. तेलंगणातून ती तेलुगूत यायची, रायचुराकडून कानडीत, आणि आमच्या बीड-परभणीकडून मराठीत, तीही मोडी अक्षरात. मी मराठीचा मुतर्जिम, म्हणजे भाषांतरकार. मोडीतली राय उर्दूत उतरवायची, शेवटी ‘तर्जुमा असलबरहुकूम आहे’, म्हणजे भाषांतर मुळाप्रमाणे आहे, असं लिहून सही करायची, आणि मजलीस भरली की भिंतीशी स्टुलावर बसून राहायचं. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा नियम.

सुरुवातीला मी फार साजूक भाषांतर करी. गुरं चोरणाऱ्याची सजा वाढवावी का, अशी एकदा राय मागवली होती. पाटोद्याच्या एका शेतकऱ्यानं लिहून पाठवलं, ‘चोराला चार वर्षं ठिवा का चाळीस वर्षं ठिवा, माझा बैल मला पेरणीच्या आत पायजे.’ मी त्याचं उर्दू केलं ते असं: ‘राय देणारा इसम सजेच्या मुदतीबाबत उदासीन आहे.’ मजलिशीचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सदरसाहेब म्हणत असू, त्यांना शंका आली. त्यांनी मूळ शब्द विचारले. मी घाबरत सांगितले, तर सगळे उमराव खदखदून हसले, आणि मग बराच वेळ बैलाबद्दलच बोलत राहिले. त्या दिवसापासून मी माणसाचं बोलणं आहे तसं उतरवू लागलो. मला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा. अभिमानाचं घर खाली असतं म्हणतात, तसं पुढं झालं.

पुढचं समजायला निशाणी म्हणजे काय ते कळायला हवं. आमच्याकडे लिहिता येणारा माणूस गावात एखादाच. बाकीच्यांनी कागदावर सही कशी करायची? तर ज्याचं जे हत्यार त्याचं चित्र ही त्याची सही. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची पटाशी, न्हाव्याचा आरसा, बाईमाणसाची बांगडी. पण ज्याला आपलं नाव लिहिता येत नाही त्याला नांगर तरी कुठून काढता येणार? म्हणून तो फक्त कलमाला हात लावायचा, आणि नांगर काढायचा तो लिहिणारा. सगळ्यात खाली लिहिणारा आपलं नाव घालायचा, ‘दस्तुर अमुक’, म्हणजे हे हस्ताक्षर अमक्याचं. शेकडो वर्षं असंच चालत आलेलं. गावात कुणाला त्यात विशेष काही वाटत नसे.

मजलिशीत मात्र वाटलं. सभासदांत एक निवृत्त जज्जसाहेब होते. माणूस कडक, पण सज्जन. न्यायासनावर असताना त्यांच्यापुढं एका विधवेचा खटला आला होता. तिची सगळी जमीन कुणीतरी एका बांगडीच्या जोरावर लाटली होती आणि ती बांगडी कागदावर कुणी काढली हे तिला ठाऊकच नव्हतं. पुरावा नसल्यामुळे जज्जसाहेबांना निकाल तिच्याविरुद्ध द्यावा लागला. ते त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. त्यांनी जालसाजीच्या, म्हणजे खोट्या दस्तऐवजाच्या कलमात बदल सुचवला: दुसऱ्याची निशाणी जो आपल्या हातानं काढील तो जालसाज, ज्याची निशाणी त्याची संमती होती, ही सबब चालणार नाही, सजा तीन वर्षांपर्यंत कैद.

मसुदा माझ्याही हातात आला. हेतू चांगला होता, पण ह्या कलमानं आमच्या मुलखातला लिहिता येणारा प्रत्येक माणूस गुन्हेगार ठरत होता, आणि त्यात माझे मामाही आले.

अनंतमामा लिंबागणेशला राहत. गाव त्यांना अण्णा म्हणे. माझे वडील लवकर गेले. आई मला घेऊन माहेरी आली, आणि मामांनी मला वाढवलं, मोडी शिकवली, उर्दूसाठी बीडला ठेवलं. आसपासच्या दहा गावांचे अर्ज, करारमदार, सोयरिकीच्या याद्या, सगळं त्यांच्याच हातचं. चौशाळ्याच्या बाजारात त्यांना ओट्यावर बसलेलं पाहिलं की लोक वाट वाकडी करून येत आणि आपलं काम काढत. त्यांचा नांगर मी हजारात ओळखला असता. इतर लिहिणारे दोन रेघा मारून मोकळे होत. मामा रुमणंसुद्धा, म्हणजे नांगराची धरायची मूठ, काढायचे, आणि ते थोडं मागं झुकलेलं असायचं.

महिन्याभरानं बीड जिल्ह्यातून आलेल्या टपालात मला तोच नांगर दिसला. लिंबागणेशच्या लोकांनी मसुद्याविरुद्ध राय पाठवली होती. ‘आम्हांस अक्षर येत नाही. आमचा शब्द कागदावर जातो तो दुसऱ्याच्या हाताने. तो हात सरकार बांधील तर आम्ही मुके होऊ. जो फसवितो त्यास धरावे, जो लिहितो त्यास धरू नये.’ खाली एकवीस निशाण्या. अठरा नांगर, एक पटाशी, एक आरसा, एक बांगडी. आणि सगळ्यांच्या खाली मामांची ओळ: ‘निशाण्या ज्यांच्या त्यांच्या सांगण्यावरून, त्यांचा हात कलमास लावून काढिल्या. दस्तुर अनंत रामचंद्र, मौजे लिंबागणेश.’

मला इतका आनंद झाला की मी दोनदा वाचलं. मजकुराचं उर्दू मी जीव ओतून केलं. आणि निशाण्यांशी आल्यावर, दरवेळी करायचो तेच केलं. आमच्या कचेरीत मजकूर तेवढा उतरवायची पद्धत होती. खालच्या भागासाठी ‘निशाण्या एकवीस’ असं लिहिलं की झालं. दस्तुरची ओळ कुणीच उतरवत नसे. ती असतेच, हे मराठवाड्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही, म्हणून मलाही सांगावंसं वाटलं नाही. ‘तर्जुमा असलबरहुकूम आहे’, खाली माझी सही.

मजलीस भरली. मसुद्याची चर्चा सुरू झाली. दोघा वकिलांनी थोडा विरोध केला, पण त्यात दम नव्हता. मग विरोधी रायी वाचल्या गेल्या आणि लिंबागणेशचा मजकूर ऐकून दोनतीन सभासदांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं. तेवढ्यात जज्जसाहेबांनी मूळ कागद मागवला. खिशातून भिंग काढलं. एकेक निशाणी पाहिली. मग कागद उंच धरून उर्दूत म्हणाले, “ह्या एकवीसच्या एकवीस निशाण्या एकाच हाताच्या आहेत. काढणाऱ्यानं आपलं नावसुद्धा दिलेलं नाही. जालसाजी होत नाही असं सांगणारा कागदच जालसाजीचा आहे. आणखी कसला पुरावा हवा?”

सगळी मजलीस हसली. सदरसाहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मुतर्जिमसाहेब, हा हात कुणाचा, हे कुठं लिहिलंय का?”

लिहिलं होतं. जज्जसाहेबांच्या अंगठ्याखाली लिहिलं होतं. त्यांना मोडी येत नव्हती एवढंच. मी उभा राहिलो. ‘आहे, ओळ माझ्याकडून राहिली’ एवढंच म्हणायचं होतं. पण माझी नोकरी कच्ची होती, तर्जुम्यावर माझी सही होती, आणि अपुऱ्या तर्जुम्यावर सही करणं हा कचेरीत फार मोठा गुन्हा धरत. शिवाय ह्या घटकेला मामांचं नाव घेतलं तर ते थेट आगीत पडणार असंही वाटलं. त्या क्षणी मी मामांना जपत होतो की स्वतःला, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. मी म्हणालो, “तर्जुम्यात आहे तेवढंच आहे, हुजूर.”

सदरसाहेबांनी हुकूम दिला की बीडमार्फत चौकशी व्हावी, ह्या निशाण्या कुणी काढल्या त्याचा शोध घ्यावा, आणि तीन आठवड्यांनी पुढच्या बैठकीत अहवाल ठेवावा. चौकशीसाठी तर्जुम्याची नक्कल बीडला जायची होती. ती करायचं काम माझ्याकडेच आलं. नक्कल करताना ती ओळ घालावी असं फार वाटलं. पण पहिला तर्जुमा सभासदांच्या हातात होता. दोन कागद दोन बोलू लागले असते. मी न घालताच नक्कल पुरी केली आणि तिच्याखालीही सही केली.

तो आठवडा मी काय खाल्लं, काय लिहिलं, काही आठवत नाही. शेवटी आईच्या दुखण्याचं निमित्त सांगून रजा काढली. जालन्याला आगगाडीतून उतरलो, शहागडला गोदावरी पार केली, गेवराईवरून बीड आणि तिथून लिंबागणेश, पुढचा सगळा प्रवास बैलांच्या दमणीतून. मामांना खरं सांगायचं, त्यांनी चौकशीला आलेल्या माणसाला मूळ कागद पाहायला सांगायचं, म्हणजे चूक आपोआप उघडी पडेल, असं मी वाटेत ठरवत होतो. माझं नाव मलाच घ्यावं लागणार नाही, एवढी त्या बेताची खुबी होती.

गावात शिरलो तर पोलिसांचे अमीन, म्हणजे फौजदार, चार दिवसांपूर्वीच येऊन गेले होते.

दुपारची वेळ होती. गणपतीच्या देवळापुढच्या पारावर रामजी पाटील आणि चारपाच माणसं बसली होती. मामा थोडे बाजूला बोरूची कलमं तासत होते. मला पाहून पाटलांनी हात वर केला.

“या, या. आवो, लई मोठी चौकशी झाली बघा तुमच्या हैद्राबादची. अमीनसायेब सोता आलते.”

“काय विचारलं त्यांनी?”

“एकेकाला येगळं बलिवलं. मला म्हनले, कागदावरला नांगर तू काढला का बे? म्या म्हनलं, न्हाई सरकार. मला कुठं नांगर काढाया येतोय? हाकाया येतोय.”

पारावरचे सगळे हसले. मी विचारलं, “मग?”

“मंग काय, खरं तेच सांगितलं. समद्यांनी तेच सांगितलं. एकवीस माणसं, एकच सवाल, एकच जवाब. अमीनसायेब लई खूश झाले. माझ्या पाठीवर हात ठिवला.”

अमिनांनी पाटलांच्या पाठीवर हात कशासाठी ठेवला ते मला दिसत होतं. अहवालात आता लिहिलं जाणार होतं की एकवीसही इसमांनी निशाणी आपली नसल्याचं कबूल केलं.

“पण पाटील, आपण कलमाला हात लावला होता, हे सांगितलं का कुणी?”

“ते त्यांनी इचारलंच न्हाई. इचारल्याबिगर सरकारापुढं कशाला बोलायचं?”

म्हणजे ते माझ्यासारखेच वागले होते. फरक इतकाच की त्यांनी जे सांगितलं ते खरं होतं.

सोनाबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती, ती थांबली. तिचा नवरा वारून बरीच वर्षं झाली होती आणि शेत ती एकटी करत असे. एकवीस निशाण्यांतली बांगडी तिची. ती म्हणाली, “मला म्हनले, बांगडी तू काढली का? म्या म्हनलं, माझ्या हातातली तर गेली सायेब, कागदावरली तेवढी अण्णांनी ऱ्हाऊ दिलीया. तर त्यांनी म्होरल्याला बलिवलं.”

“आन् भ्याचं काय त्यात?” पाटील म्हणाले. “अण्णांनी काढली, समद्यांनी अण्णांचंच नाव सांगितलं. कागदाच्या खाली बी अण्णांचं नाव हायच की. चोर कुठं चोरीखाली आपलं नाव लिहितो का?”

मी मामांकडे पाहिलं. ते कलमाला छेद देत होते. मान वर न करता म्हणाले, “गोविंदा, आधी जेवून घे. उन्हातनं आलायस.”

जेवताना मी त्यांना विचारलं, “अमिनांनी तुम्हाला काय विचारलं?”

“नांगर कुणी काढले म्हणाले. मी काढले म्हटलं. त्यात लपवायचं काय आहे?”

“आणखी काही?”

“आणखी काही नाही.” मग थोड्या वेळानं, “तुझी जागा कायम झाली का रे?”

“पुढच्या साली होईल.”

“मग आता कुठं गडबड करू नकोस. साहेब लोकांची मर्जी सांभाळ.”

वडीलधारी माणसं असं बोलतातच, म्हणून मी ते कानाआड केलं. त्या दोन दिवसांत मी तीनदा बोलायला तोंड उघडलं. एकदा आई मध्ये आली, एकदा मामाच उठून गेले, आणि तिसऱ्या वेळी मी हवापाण्याबद्दल काहीतरी बोललो. मामा तेव्हा पासष्टीला आलेले. चढण चढताना त्यांना धाप लागायची. बीडच्या तुरुंगात असला माणूस किती दिवस टिकेल, ह्याचा हिशेब माझ्या डोक्यात सारखा चालू होता. निघताना ते वेशीपर्यंत पोचवायला आले. मी पाया पडलो आणि ज्यासाठी गेलो होतो ते तसंच पोटात घेऊन दमणीत बसलो.

पुढची बैठक भरली. अमिनांचा खुलासा, म्हणजे चौकशीचा गोषवारा, वाचून दाखवण्यात आला. मला भीती होती तसाच तो होता. एकवीस इसमांनी निशाण्या आपण काढल्या नाहीत असं लिहून दिलं. अनंत रामचंद्र नावाच्या इसमानं सर्व निशाण्या आपण काढल्याचं कबूल केलं. त्यानं आपलं नाव कागदावर घातलेलं नाही. ह्यावरून लपवण्याचा इरादा दिसतो. मजलिशीची मर्जी असल्यास त्याच्यावर जालसाजीचा खटला भरण्यात येईल.

जज्जसाहेब उभे राहिले. ह्या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. त्या विधवेची हकिगत सांगितली आणि म्हणाले की नाव लपवून दुसऱ्याची निशाणी काढणारा माणूस प्रत्येक गावात बसलेला आहे. वकिलांपैकी एकजण उठला, पण नावाचा मुद्दा आल्यावर तोही खाली बसला. सदरसाहेब मतं घ्यायला लागले. मला कुणी काही विचारलं नव्हतं आणि कुणी विचारणारही नव्हतं. उजवीकडून मतं सुरू झाली. तीन माणसांनी ‘मंजूर’ म्हटलं. चौथ्याच्या आधी मी उभा राहिलो.

मी इतक्या घाईनं उठलो की स्टूल मागं पडलं. त्या आवाजानं सगळ्यांनी वळून पाहिलं. मी म्हणालो, “हुजूर, तर्जुम्यात एक ओळ कमी आहे.”

सदरसाहेबांना मुतर्जिम आपण होऊन बोलतो हेच समजेना. त्यांनी मूळ कागद माझ्या हातात दिला. मी मामांची ओळ वाचली. आधी मराठीत, मग उर्दूत, शब्दाला शब्द. त्यांचा हात कलमास लावून काढिल्या. दस्तुर अनंत रामचंद्र. जज्जसाहेबांनी कागद परत घेतला, भिंग लावलं आणि मला ती ओळ बोटानं दाखवायला सांगितलं. मी दाखवली.

“ही ओळ गाळली कुणी?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“आणि मागच्या बैठकीत विचारलं तेव्हा?”

“तेव्हा खोटं बोललो, हुजूर. अनंत रामचंद्र माझे मामा आहेत.”

एका उमरावांनी पानाचा डबा उघडला होता, तो त्यांनी तसाच मिटला. मग जज्जसाहेबच खाली बसत, काहीशा थकलेल्या आवाजात म्हणाले, “माझ्या पुढ्यातल्या त्या कागदावर असं कुणाचंच नाव नव्हतं.” त्या विधवेच्या कागदाबद्दल ते बोलत होते. आणि कलमातली दुरुस्ती त्यांनी स्वतःच सुचवली: निशाणी ज्याची तो समक्ष हजर असेल, त्याचा हात कलमाला लागला असेल आणि काढणाऱ्यानं खाली आपलं नाव लिहिलं असेल, तर ती जालसाजी नव्हे, नाव न लिहिता काढील तो मात्र जालसाज. कायदा तसा मंजूर झाला. मामांवरचा खटला तिथंच संपला. एवढा मोठा कायदा माझ्या समोर घडला, पण त्या वेळी मला पाणी प्यावंसं वाटत होतं आणि कुणाला मागावं ते सुचत नव्हतं.

माझं काय करायचं हा प्रश्न आठवड्याभरात सुटला. काढून टाकलं नाही, ही सदरसाहेबांची मेहरबानी. हैदराबादेतून उचलून मला बीडच्या कचेरीत, दप्तरखान्यात टाकलं. मजलिशीचं स्टूल गेलं आणि जुन्या कागदांची धूळ नशिबी आली. जागा कायम व्हायला पुढं नऊ वर्षं लागली. पण मी त्याचं फार वाईट वाटून घेतलं नाही. मामा जवळ होते. सवड मिळेल तेव्हा मी लिंबागणेशला जाई, त्यांच्याशेजारी बसून अर्ज लिही. भाचा माझ्यासाठी बदली करून आला, असं ते गावात सांगत. मीही त्यांची समजूत दुरुस्त केली नाही. त्यांना खटल्याबद्दल एवढंच माहीत होतं की हैदराबादेतून तो मिटला. कसा मिटला ते त्यांनी विचारलं नाही आणि ओळीची गोष्ट आमच्यात कधी निघाली नाही.

मामा गेले त्याला दोन वर्षं झाल्यावर दप्तरखान्यात जुन्या फौजदारी मिसली, म्हणजे खटल्यांच्या कागदांचे जुडगे, लावायचं काम निघालं. एक गठ्ठा उघडला, तर सगळ्यात वर लिंबागणेशच्या चौकशीची मिसल. मजलिशीकडे फक्त खुलासा गेला होता. लोकांचे मूळ जबाब बीडलाच राहिले होते. पाटलांचा जबाब वाचून मला हसू आलं. सोनाबाईचं बांगडीचं बोलणं अमिनांच्या कारकुनानं उतरवलंच नव्हतं. शेवटचा जबाब मामांचा होता. तारीख मी गावात पोहोचलो त्याच्या चार दिवस आधीची. नांगर काढल्याचा सवाल होता, त्याला ‘मीच काढले’ असं उत्तर होतं. त्याखाली अजून दोन सवाल होते.

सवाल: अर्जाचा तर्जुमा तुला वाचून दाखवला. त्यात खाली तुझं नाव नाही. तू ते लिहिलं होतंस का?

जवाब: लिहायला पाहिजे होतं. वय झालं, राहून गेलं असेल. चूक माझी आहे.

सवाल: तू लिहिलं असून तर्जुमा करणाऱ्यानं गाळलं, असं झालं असेल का?

जवाब: नाही. त्या कामावर शिकलेली माणसं असतात. ती ओळ गाळत नाहीत.

खाली मामांची सही होती, स्वच्छ वळणदार. मी त्यांना वाचवलं, असं तोवर मी बायकोला, मुलांना, कचेरीत भेटेल त्याला सांगत आलो होतो.